लाचारी नव्हे, नम्रता



गोंदिया जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात, सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या भागांत, उन्हाळा लागताच मोहफुलांचा सडा पडतो. हे फूल गोंडांच्या घरी अन्न आहे; देवकार्यातही त्याला मान आहे. परंतु त्याच फुलाची दारू विक्रीची वस्तू झाली, तिच्या जोडीला परवान्याचे देशी दारूचे दुकान आले, आणि रोवणीची, तेंदूपानाची मजुरी घरी पोहोचण्यापूर्वीच वाटेत आटू लागली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. गोंदियात ती नाही. दुकान बंद व्हावे यासाठी स्त्रिया मतदान मागतात, आडवी बाटली निवडून आणतात. तो लढा न्याय्यच आहे. पण दुकानाला कुलूप लागले म्हणजे पिणाऱ्याच्या शरीरातील ओढ संपत नाही. त्या माणसाचे काय, हा प्रश्न चळवळीने आजवर बहुधा देवळावर आणि दवाखान्यावर सोडून दिला आहे.

दवाखाना हवाच. दारूचे व्यसन हा आजार आहे, चारित्र्याचा दोष नव्हे. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी प्राणही जाऊ शकतो. म्हणून शपथ घालण्याआधी डॉक्टर गाठला पाहिजे. मात्र औषधाने शरीर सावरले तरी पुढची रोजची संध्याकाळ शिल्लकच राहते. १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभे केले. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते म्हणून नव्या रुग्णांच्या शेजारी बसली, ती या संध्याकाळींसाठीच.

या विचाराचे एक मूळ १९३५ मधील अमेरिकेत आहे. आक्रन शहरात एक शेअरबाजारातला माणूस आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूने उद्ध्वस्त झालेले, एकमेकांशी बोलले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ जन्मली. तिच्या बारा पायऱ्यांतील पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपले काही चालत नाही, ही कबुली. पुढे स्वतःचे दोष मांडणे, ते दुसऱ्या माणसाजवळ बोलणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे; मग रोजचे आत्मपरीक्षण, प्रार्थना व ध्यान; आणि अखेर दुसऱ्या पिणाऱ्याला हात देणे. ईश्वराची कल्पना ज्याची त्याने करावी, अशी मोकळीक तेथे आहे. या सभांना फी नाही, बाहेरची देणगी नाही, हुकूम सोडणारा पुढारी नाही. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने अनेक अभ्यासांची छाननी प्रसिद्ध केली. दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत ही पद्धत, व तिच्याकडे वळवणारे उपचार, इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे आणि काही बाबतींत सरस ठरतात, असा तिचा निष्कर्ष आहे.

यावर समाजवादी कार्यकर्ता शंका घेईल, आणि ती घेतलीच पाहिजे. नम्र हो, हे तर मालगुजारानेही शिकवले, सावकारानेही शिकवले. ज्याची मान आधीच वाकलेली आहे त्याला आणखी वाकायला सांगायचे काय?

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. लाचारी ही वरच्यापुढची असते. ती माणसाला गप्प करते. नम्रता ही बरोबरीच्यांपुढची असते. ती माणसाला बोलते करते. दारुड्याला अपमान नवा नसतो. रोज अपमान गिळून तो रात्री फुशारकी मारतो, ‘मनात आणले तर उद्या सोडीन’ म्हणतो. ही फुशारकी म्हणजे लाचारीचीच दुसरी बाजू. ‘एकट्याने जमत नाही, साथ द्या’ असे म्हणणे हे तिच्याहून कितीतरी धैर्याचे काम आहे. संघटना बांधणाऱ्या मजुराचे पहिले वाक्यही हेच असते.

रोजच्या साधनेची परंपरा विदर्भाला परकी नाही. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) गावोगाव सामुदायिक प्रार्थनेची शिस्त लावली आणि तिला ग्रामसफाईची व व्यसनमुक्तीची जोड दिली. नागपूरच्या जुमदेवजी ठुब्रीकरांनी (१९२१–१९९६) स्थापिलेल्या परमात्मा एक सेवक मंडळाचा भंडारा-गोंदियाकडे मोठा विस्तार आहे. सत्य, मर्यादा, प्रेम हे त्याचे तीन शब्द, आणि व्यसनत्याग हा त्याचा नियम. अशा मार्गांनी दारू सोडलेल्या कष्टकऱ्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र एक सावधगिरी सर्वत्र हवी. बरे होण्याचे श्रेय चमत्काराला मिळाले की औषध मागे पडते, आणि पुन्हा घसरलेला माणूस पापी ठरतो. घसरणे हा या आजाराचा भाग आहे. म्हणूनच साधना रोजची असावी लागते, आणि पुन्हा बसायला जागाही मोकळी असावी लागते.

नम्रतेची खरी कसोटी सभेत नव्हे, घरात लागते. ज्या बाईने मार खाल्ला, उपाशी पोरे निजवली, तिच्यापुढे डोळे पुसणे ही भरपाई नव्हे. मजुरी तिच्या हातावर ठेवणे, पाण्याच्या घागरीला हात लावणे, तिने क्षमा केली नाही तरी ते चालू ठेवणे, ही भरपाई आहे. क्षमा करण्याची सक्ती तिच्यावर कोणी करू नये.

पक्षाच्या शाखेला यात करण्यासारखे पुष्कळ आहे. शाखेची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ अशा बैठकीला द्यावी. रुग्णाला दवाखान्यात नेण्यासाठी एक साथी नेमावा. तेथे ऐकलेले तेथेच ठेवावे, निवडणुकीत त्याचा उच्चार करू नये. आणि उपदेश करू नये. दुकान हटवण्याचा मोर्चा दिवसा निघो. त्याच मोर्चातला कार्यकर्ता संध्याकाळी दारू सोडू पाहणाऱ्याच्या शेजारी, त्याच सतरंजीवर बसो.