भित्यापाठी ब्रह्मराक्षस



हिंगोली जिल्ह्याला जमिनीची गुरगुर नवी नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागातले लोक जमिनीतून येणारे आवाज वर्षानुवर्षे ऐकत आले आहेत. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि पाठोपाठ ३.६ चा दुसरा. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५ चा. लोक धावत घराबाहेर आले. त्यात वावगे काय? ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. जड माळवदे आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळून हजारो माणसे झोपेतच गेली. अशा वेळी न भिणारा माणूस शूर नव्हे, बेसावध म्हणावा.

पण भीती वेगळी आणि भयगंड वेगळा, बरं का. भीती एक काम सांगते आणि ते झाले की निघून जाते. २०२४ च्या धक्क्यानंतर प्रशासनाने सांगितले की, पत्र्यावर वजनासाठी ठेवलेले दगड काढून घ्या. ज्याने ते उतरवले, त्याच्या भीतीचे चीज झाले. भयगंडाला मात्र कितीही केले तरी पुरत नाही. समजा, दगड उतरले, भिंती तपासून झाल्या, महिने लोटले. तरी घरातली एखादी माउली रात्री आत निजायला तयार नाही. भांडे पडले तरी छातीत धडधड, तळहाताला घाम! हेच कुणाला विजेचे, कुणाला सुईचे, कुणाला चारचौघांत बोलण्याचे होते. धोका तिळाएवढा, धास्ती डोंगराएवढी, ती सहा-सहा महिने हटत नाही आणि तिच्यापायी काम नाहीतर शाळा अडते, तेव्हा तो भयगंड समजावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

हा वाढतो कसा? टाळण्याने. ती माउली उंबऱ्यावरून परत फिरली की तिला लगेच हायसे वाटते. हे हायसे वाटणेच घात करते. मन धडा घेते, ‘परत फिरले म्हणून वाचले.’ आत गेल्यावर काहीच झाले नसते, हे पाहण्याची संधी मनाला मिळतच नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, ही म्हण आपण चिडवायला वापरतो. पण तिच्यात मर्म आहे. जो पळतो, त्याच्याच पाठी तो लागतो.

मग थांबायचे, वळायचे. पण एकदम नव्हे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीने सशाला भिणाऱ्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मूल आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. अखेर ते मूल सशाला कुरवाळू लागले. तीच रीत इथे लावा. घर मजबूत आहे ना, हे आधी पाहावे; तडे गेलेल्या भिंतीखाली धीर दाखवण्यात शहाणपण नाही. मग काही दिवस भरदुपारी, दार उघडे ठेवून, कुणाच्या सोबतीने आत बसावे. नंतर दार लोटून. नंतर एकटीने, आणि शेवटी रात्री. धडधड सुरू झाली तरी उठून पळू नये. ती चढते तशी थोड्या वेळाने ओसरतेही. ओसरेपर्यंत बसून राहणे, हेच औषध. एक पायरी सोपी झाली की मगच पुढची.

शिक्षक बंधुभगिनींनो, फळ्यापाशी यायला भिणाऱ्या मुलाला हसू नका, ओढूनही आणू नका. पण ‘राहू दे, तू बसच’ असे म्हणून कायमचे सोडूनही देऊ नका. आज जागेवर बसून एक ओळ वाचू द्या, काही दिवसांनी उभे राहून दोन. फळा आपोआप जवळ येईल.

एवढे करूनही जमत नसेल, तर अंगारे-धुपारे करण्यात दिवस घालवू नयेत. मानसोपचारतज्ज्ञाला विचारावे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

जमीन कधी हलेल, हे आपल्या हाती नाही. पत्र्यावरचे दगड उतरवणे मात्र आहे. मनावरचे दगडही तसेच, एकेक करून उतरतात.