शिक्का कोणाच्या हाती?

बीदरच्या चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे निघाले की वाटेत महमूद गवानाचा मदरसा लागतो. बहमनी राज्याच्या या वजिराने 1472 साली बांधलेले हे विद्यापीठच म्हणावयाचे. 1696 साली वीज पडून, आत साठविलेल्या दारूचा स्फोट होऊन त्याचा मोठा भाग कोसळला. दोन मनोऱ्यांपैकी एकच आज उभा आहे. संगणकाच्या सुरक्षिततेविषयी बोलावयाचे असताना मी या पडक्या इमारतीपाशी का थांबलो, असे आपण विचाराल.

गवान हा पत्रलेखनकलेवर ग्रंथ लिहिणारा पंडित होता, आणि त्याचा घात एका पत्रानेच केला. दरबारातील विरोधकांनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्या सेवकाला वश करून कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि त्यावर ओडिशाच्या राजाला उद्देशून फितुरीचा मजकूर लिहिला. 1481 साली सुलतान तिसऱ्या महंमदशहाने गवानाचा शिरच्छेद करविला. पेटीचे कुलूप कोणी फोडले नव्हते, शिक्काही बनावट नव्हता. ढासळला होता तो रखवालदार.

आता परदेशांकडे वळू. 1988 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेल्या एका आज्ञावलीने हजारो संगणक ठप्प झाले. लागलीच पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा आपत्तींत सल्ला देणारे केंद्र निघाले. (हा मॉरिस पुढे एम्. आय्. टी. त प्राध्यापक झाला, हेही खास अमेरिकेचेच!) इंग्लंडमध्ये रॉयल हॉलोवे महाविद्यालयाने 1992 पासून या विषयाची पदव्युत्तर पदवी ठेवली, तेथे गणितावर चालणारी गुप्तलेखनविद्या आणि कचेरीचा कारभार ही दोन्ही अंगे शिकविली जातात. चिमुकल्या एस्टोनियावर 2007 साली सायबर हल्ला झाला आणि बँका, वृत्तपत्रे यांची संकेतस्थळे बंद पडली. पुढे ताल्लिन व तार्तू येथील विद्यापीठांनी मिळून एक अभ्यासक्रम आखला. घाव बसल्यावाचून शहाणपण येत नाही, हा अनुभव सार्वत्रिक दिसतो.

आपल्याकडे केंद्र सरकारने 2005 साली माहिती-सुरक्षेच्या शिक्षणाची व जनजागृतीची योजना काढली. जनजागृतीचे काम हैदराबादच्या सी-डॅककडे आले. हैदराबाद बीदरहून काही तासांच्या वाटेवर आहे. तथापि भालकी, औराद, आळंदकडचा विद्यार्थी घरी मराठी किंवा कानडी बोलतो, आणि हे शास्त्र त्याला बहुतांशी इंग्रजीतून भेटते. फसविणारा मात्र फोनवर त्याच्या आईशी तिच्याच बोलीत बोलतो, आणि बँकेच्या नावाने आलेला सहा आकडी अंक गोड शब्दांत काढून घेतो. म्हणून मला वाटते, आमच्या भागातील महाविद्यालयांनी मोठ्या प्रयोगशाळेची वाट न पाहता आधी आपल्या कचेरीतील कारकुनांना आणि विद्यार्थ्यांच्या घरच्यांना त्यांच्या भाषेत हे शिकवावे. गुणपत्रिकांच्या नोंदींची किल्ली असते ती त्या कारकुनाच्याच हाती.

सुलतानाने गवानाला ते पत्र दाखविले, तेव्हा शिक्का आपला आहे, मजकूर मात्र आपला नाही, असे उत्तर त्याने दिल्याचे इतिहासकार फरिश्ता सांगतो. सुलतानाने अधिक चौकशी केली नाही.