जूनचे पहिले पंधरा दिवस

(शाळा उघडण्यापूर्वीं भरलेल्या शिक्षक-पालक सभेंत आम्हीं केलेलें भाषण, ज्युबिली-अंकासाठीं किंचित् संक्षिप्त केलें आहे.)



दरवर्षीं जूनच्या मध्यास, मिरगाची पहिली झड येऊन गेल्यावर, आपल्या शाळेचीं दारें उघडतात. बाकें पुसलीं जातात, पुस्तकें वाटलीं जातात, फाटकापाशीं मुलांच्या हातीं एकेक फूल देण्यांत येतें, आणि छायाचित्र निघतें. ह्या समारंभास आमचा विरोध नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं त्याच मुलाच्या शेजारीं कोण बसलें, कीं कोणीच बसलें नाहीं, हें टिपावयास कोणी छायाचित्रकार येत नाहीं. आज आम्हांस त्या दुसऱ्या दिवसाविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

आपली माध्यमिक शाळा पांचवीपासून सुरू होते, आणि पांचवीच्या एका वर्गांत चारपांच प्राथमिक शाळांचीं मुलें प्रथमच एकत्र येतात. किनाऱ्याकडील कांहीं मुलें घरीं कादोडी बोलतात, कांहीं वाडवळी. महामार्गाच्या पूर्वेकडील पाड्यांवरून येणारीं वारली बोलतात. पोटापाण्यासाठीं अलीकडे येथें येऊन राहिलेल्या कुटुंबांचीं मुलें हिंदी किंवा भोजपुरी बोलतात. पुस्तकांतली मराठी, खरें पाहतां, यांपैकीं कोणाचीच घरची बोली नाहीं; तरी प्रत्येकास वाटतें कीं आपली तेवढी शुद्ध आणि शेजाऱ्याची गांवठी! पहिल्या तासास मुलें आपापल्या आळीप्रमाणें बाकांवर बसतात, आणि शिक्षकानें त्या दिवशीं लक्ष घातलें नाहीं तर वर्षअखेरपर्यंत तशींच बसतात.

ह्याविषयीं आम्हीं बोलावें, तर आधीं स्वतःची एक चूक सांगणें प्राप्त आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, नुकतीच गुरुदीक्षा झाली असतां, एका शाळेंत आम्ही पांचवीस मराठी शिकवीत होतों. त्या वर्षीं एका पाड्यावरून एक मुलगा आला होता. पायीं येई, म्हणून रोज पांचदहा मिनिटें उशीर होई. पहिल्याच आठवड्यांत आम्हीं त्याला उभें करून कांहीं विचारलें. त्यानें उत्तर दिलें, आणि तें उत्तर बरोबर होतें. परंतु तें त्याच्या घरच्या बोलींत होतें. सारा वर्ग हंसला. आणि, सांगावयास लाज वाटते, आम्हीहि हंसलों. द्वेषानें नव्हे, सहज. पण उभ्या असलेल्या मुलाला त्यांतला फरक कसा कळावा? तो खालीं बसला. पुढल्या सोमवारीं तो आला नाहीं. आम्हीं हजेरीपटांत त्याच्या नांवापुढें गैरहजेरी मांडली. अशी सलग सतरा दिवस मांडली. अठराव्या दिवशीं मुख्याध्यापकांनीं विचारलें, 'फादर, तुम्ही त्याच्या घरीं गेलांत का?' आम्ही गेलों नव्हतों. मग गेलों, तेव्हां तो बापाबरोबर मजुरीस लागला होता. आईनें आम्हांस पाणी दिलें आणि म्हणाली, 'त्याला तेथें करमत नाहीं.' तो परत आला नाहीं.

पुढें कित्येक वर्षांनीं तो आम्हांस बाजारांत भेटला. त्यानेंच ओळखलें, हंसून विचारपूसहि केली. तो दिवस त्याच्या ध्यानांत आहे किंवा नाहीं, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

२००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें मुलांस मारण्यास व त्यांच्या मानसिक छळास बंदी केली, तें उत्तमच झालें. छडी कायद्यानें काढून घेतां येते. वर्गाचें हंसें मात्र वर्गशिक्षकानेंच आंवरावें लागतें, आणि तें जूनमध्यें आंवरलें तरच आंवरतें; दिवाळीनंतर त्याची संवय होऊन गेलेली असते.

येथें आम्हांस संत जाॅन बाप्टिस्ट द ला साल यांची आठवण होते. १६५१ सालीं फ्रान्समधील रॅंस नगरींत जन्मलेल्या ह्या धनिकपुत्रानें आपलें मानाचें पद सोडलें, दुष्काळांत संपत्ति गोरगरिबांस वांटली आणि गरिबांच्या मुलांसाठीं शाळा चालविल्या. त्या काळीं वाचनाचा आरंभ लॅटिनपासून करण्याची चाल होती. त्यांनीं तो मुलांच्या फ्रेंच भाषेपासून केला. १९५० सालीं पोप बारावे पायस यांनीं त्यांस शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें. परंतु आम्हांस विशेष आवडतात त्या त्यांच्या शाळा-नियमांतील बारीकसारीक गोष्टी. चंचल मुलाला दोन शांत मुलांच्या मध्यें बसवावें, असें ते सांगतात. घंटा कोणी वाजवावी, किल्ली कोणी संभाळावी, केर कोणी काढावा, अशीं कामें ते मुलांकडेच सोंपवितात. वर्ष संपतांना शिक्षकानें प्रत्येक मुलाचे गुणदोष लिहून ठेवावे, असाहि त्यांचा दंडक आहे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे प्रत्येक वर्गांत दोनतीन मुलें अशीं नेमलेलीं असत, कीं ठराविक गल्ल्यांतील कोणी सोबती शाळेंत आला नाहीं तर त्यांनीं त्याच्या घरीं जाऊन चौकशी करावी. तीनशें वर्षांपूर्वींची ही गोष्ट! आम्ही सतरा दिवस हजेरीपटच भरीत बसलों.

गतवर्षीं जूनमध्यें तीन माता बंगल्यावर आल्या. 'फादर, आमच्या मुलीला अमक्या मुलीशेजारीं बसवूं नका,' एवढेंच त्यांचें मागणें होतें. कारण विचारलें, तर एकीनें केंसांतल्या उवांचें सांगितलें, दुसरीनें भाषेचें, तिसरी गप्प राहिली. उवांवर औषध आहे, तें आम्हीं सिस्टरांकडून देवविलें. बाकी दोन कारणांस औषध हेंच, कीं त्या मुलींनीं एकमेकींशेजारीं बसावें. त्या माता आमच्यावर रागावून गेल्या. त्यांपैकीं दोघी आज ह्या सभेंत बसल्या आहेत, ह्याचा आम्हांस आनंद आहे.

२०२० सालच्या मार्चमध्यें शाळा बंद पडल्या, आणि त्या वर्षींची पांचवी मोबाईलच्या पडद्यावर भरली. पुढें तीं मुलें वर्गांत आलीं तेव्हां एकमेकांचीं नांवें त्यांना पाठ होतीं, परंतु डबा कोणी कोणापुढें करीना. तें शिकावयास त्यांना आणखी एक पावसाळा लागला.

तेव्हां ह्या वर्षीं पुढीलप्रमाणें करण्याचें शिक्षकमंडळानें ठरविलें आहे. पहिला आठवडा बाकांची अदलाबदल रोज होईल. कोणीहि त्याविषयीं चिठ्ठी पाठवूं नये. पहिल्या पंधरा दिवसांत वर्गशिक्षक प्रत्येक मुलाचें नांव, घरीं त्याला ज्या नांवानें हांक मारतात तें नांव, त्याची वाट किती लांब आहे आणि घरची बोली कोणती, हें वहींत टिपून घेतील. वहीचें ओझें वाढतें, हें आम्ही जाणतों; शिक्षकांच्या माथीं सरकारी तक्ते आधींच थोडे नाहींत. एक दिवस प्रत्येक मूल आपल्या बोलींत आपल्या घरची एक गोष्ट सांगेल, आणि बाकीचीं ती समजून घेण्याची खटपट करतील. उत्तर कोणत्याहि बोलींत आलें तरी तें आधीं बरोबर म्हणून स्वीकारावयाचें, मग पुस्तकी मराठींत सांगावयास शिकवावयाचें. मधल्या सुटींत पोषण आहार खाणारीं एकीकडे आणि डबा आणणारीं दुसरीकडे अशा दोन पंगती बसणार नाहींत, पंगत एकच.

आणि येत्या सोमवारपासून, प्रत्येक आळीस व पाड्यास दोन-दोन मुलें नेमलीं जातील. लांबच्या पाड्यांवर त्यांच्याबरोबर एक शिक्षक जाईल. तो न मिळाल्यास आम्ही जाऊं. कोणी लागोपाठ दोन दिवस आला नाहीं, तर शाळा सुटल्यावर तीं मुलें त्याच्या घरीं येतील. पालकहो, तुमच्या दाराशीं तीं आलीं तर त्यांना ओट्यावरूनच परत पाठवूं नका. आंत बोलवा, पाणी द्या, आणि मूल कां आलें नाहीं तें खरें कारण त्यांना सांगा.