जुदेक्काच्या काठावरची घरे : एका स्थापत्य स्पर्धेचे उत्तरायुष्य

ऐतिहासिक काठावर नवी वस्ती उभारायची तर आधी स्थापत्य स्पर्धा भरवावी, हा रिवाज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात इतका रुळला की, स्पर्धा पार पडली म्हणजे प्रश्न सुटला, अशी अनेक सार्वजनिक संस्थांची समजूत होऊन बसली. एका जागेसाठी, एकाच अटीपत्रकाच्या आधारे, अनेक वास्तुविशारदांकडून आराखडे मागवायचे आणि त्यांतील एक परीक्षक मंडळाने निवडायचा, एवढाच स्पर्धेचा खरा अर्थ आहे. निवड होते ती कागदाची. घर उभे राहते ते पुढच्या दहा-वीस वर्षांत, आणि तोवर परीक्षक मंडळ कधीच विसर्जित झालेले असते. व्हेनिसमधील जुदेक्का बेटावर १९८५ साली कांपो दि मार्ते या जागेसाठी झालेली स्पर्धा अभ्यासण्याजोगी ठरते ती विजेत्याच्या कीर्तीमुळे तितकी नव्हे, जितकी तिच्या या लांबलेल्या उत्तरायुष्यामुळे.

जुदेक्का ही व्हेनिसच्या दक्षिणेला, रुंद कालव्यापलीकडे, लहान-लहान बेटे जोडून झालेली चिंचोळी पट्टी आहे. तिच्या उत्तरेकडील काठावर पाल्लादिओचे रेदेन्तोरे हे चर्च उभे आहे. १५७५-७६ च्या प्लेगनंतर केलेल्या नवसातून त्याचे बांधकाम १५७७ मध्ये सुरू झाले. शहराकडून पाहणाऱ्याला दिसते ती ही दर्शनी बाजू. पाठीमागे, दक्षिणेच्या खाजणाकडे तोंड करून, मळे, नावांची दुरुस्ती करणारे कारखाने आणि कामगारांची घरे होती. एकोणिसाव्या शतकात येथे कारखानदारी वाढली; पश्चिम टोकाला स्तुकी घराण्याची अवाढव्य पीठगिरणी उभी राहिली आणि मध्यभागी युंगहान्सचा घड्याळांचा कारखाना चालू लागला. स्तुकी गिरणी १९५५ मध्ये बंद पडली आणि बाकीचा उद्योगही हळूहळू आटत गेला. व्हेनिसच्या ऐतिहासिक शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ही संख्या पन्नास हजारांच्या खाली आली. घरे महाग, तळमजले ओले आणि रोजगार खाडीपलीकडच्या मेस्त्रे-मार्गेरात, अशा स्थितीत सामान्य कुटुंबाने शहरात टिकून राहावे कसे, हा प्रश्न जुदेक्काच्या मोकळ्या झालेल्या जागांवर येऊन ठेपला. म्हणूनच ही स्पर्धा भरवणारी संस्था कोणी बांधकाम व्यावसायिक नव्हती, तर लोकांसाठी स्वस्त भाड्याची घरे बांधणारे स्वायत्त सार्वजनिक मंडळ होते. मराठी वाचकाने म्हाडा डोळ्यांपुढे आणले तर या संस्थेच्या कामाची कल्पना येईल. मात्र तिची घरे मुख्यतः भाड्यानेच दिली जात.

व्हेनिसमध्ये घर बांधणे ही आधी पायाची आणि पाण्याची गोष्ट आहे. जुन्या इमारती चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभ्या असून, पाण्याच्या पातळीशी येणारा भिंतीचा भाग इस्त्रियाच्या घट्ट, पांढऱ्या दगडाचा असतो. हा दगड पाणी जवळजवळ शोषत नाही. त्यामुळे त्याच्या वरच्या विटांत ओल चढत नाही. समुद्राची सरासरी पातळी वाढली, जमीन खचली आणि भरतीचे पाणी या दगडी पट्टीच्या वर विटांना भिडू लागले, की खारे पाणी विटांत मुरते, भिंतीला लोणा धरतो आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले, तेव्हा तळमजल्यांवर राहणाऱ्या गरीब कुटुंबांची अवस्था साऱ्या जगाला दिसली; त्यानंतर १९७३ मध्ये विशेष कायदा करून व्हेनिसचे रक्षण हा राष्ट्रीय हिताचा विषय ठरवण्यात आला. कोणत्याही स्पर्धेतील सुबक उभाराकृती, म्हणजे इमारतीच्या दर्शनी भिंतीचे चित्र, पाहताना या जोत्याच्या हातभर उंचीचा विचार परीक्षकांच्या मनात असतो की नाही, हे विचारण्याजोगे आहे, कारण चित्रात पाणी नेहमी शांत आणि निळेच असते.

कागदावरच राहिलेल्या योजनांबाबत व्हेनिस आधीच श्रीमंत होते. फ्रँक लॉइड राइटची ग्रँड कॅनालवरील छोटी इमारत, कॉर्बूझिएचे रुग्णालय आणि लुई कान्हचे सभागृह यांपैकी एकही बांधले गेले नाही. गृहरचनेच्या बाबतीतही असा दाखला आहे. खाडीकाठी मेस्त्रेच्या बाजूला, सान जुलिआनो येथील दलदलीवर मोठी वस्ती वसवण्यासाठी १९५९ मध्ये स्पर्धा झाली; साव्हेरिओ मुरातोरीच्या गटाला पहिले पारितोषिक मिळाले, लुदोव्हिको क्वारोनीच्या प्रचंड वर्तुळाकार इमारतींची चर्चा विजेत्याहून अधिक झाली आणि जागेवर मात्र काहीच उभे राहिले नाही. पुढे तेथे कचरा पडत राहिला आणि कालांतराने बाग झाली. तरीही मुरातोरीचे श्रम वाया गेले, असे म्हणता येत नाही. पन्नाशीच्या दशकात त्याने व्हेनिसच्या वास्तुकला संस्थेत विद्यार्थ्यांकडून शहराच्या एकेका भागाची मोजमापे घेऊन जो अभ्यास केला, आणि त्याआधी एग्ले त्रिंकानातो यांनी साध्या घरांवर जो ग्रंथ लिहिला, त्यांतून राजवाडे नव्हे तर सामान्यांची घरेच शहराचा पोत घडवतात, हा विचार इटलीत रुजला. गल्ली, विहिरीचा चौक, दोन घरांमधली सामाईक भिंत, दोन कुटुंबांसाठी वेगळे जिने, अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या नमुन्यांना अभ्यासक ‘प्ररूप’ म्हणतात. आल्दो रोस्सी आणि कार्लो आयमोनिनो या दोघा वास्तुविशारदांचे चिंतन याच विचारातून वाढले.

हा वारसा ध्यानात घेतला म्हणजे १९८५ च्या निकालाचे वेगळेपण कळते. निमंत्रितांमध्ये नामांकित वास्तुविशारद होते आणि पारितोषिक पोर्तुगालच्या आल्वारो सिझाला मिळाले. लक्ष वेधून घेईल असे एकही शिखर त्याच्या आराखड्यात नव्हते. उंचीने बेताच्या ओळी, त्यांच्यामधून जाणाऱ्या गल्ल्या आणि लहान मोकळी अंगणे आधीपासून असलेल्या वस्तीच्या विणीशी जुळवून घेतलेली होती. याहून विलक्षण होता पुढचा निर्णय. सर्व इमारती एकाच हाताने न काढता सिझाने जागेचे भाग पाडले आणि ते रोस्सी, आयमोनिनो आणि स्पेनचा राफाएल मोनेओ यांच्याकडे सोपवले. एरवी स्पर्धेचा विजेता आपल्या मुद्रेचा हक्क प्राणपणाने जपतो. येथे विजेत्याने तो वाटून टाकला. आराखडा म्हणजे रस्त्याची रेषा, उंचीची मर्यादा आणि मोकळ्या जागेचा आकार एवढेच ठरवणारी चौकट, आणि तिच्या आत दुसऱ्याला वाव, असा या कृतीचा अर्थ होतो, आणि ऐतिहासिक काठासाठी तो कोणत्याही मुद्रांकित शिल्पापेक्षा अधिक शहाणपणाचा आहे. व्हेनिसमध्ये कुठलीही गल्ली एका माणसाने घडवलेली नाही.

प्रत्यक्ष बांधकामाची गती मात्र या शहाणपणाला साजेशी नव्हती. मंडळाला पैसा टप्प्याटप्प्याने मिळत होता, ठेके तुटक दिले जात होते आणि बेटावर प्रत्येक वीट, वाळूचे प्रत्येक पोते नावेने आणावे लागत असल्याने बांधकाम मुख्य भूमीपेक्षा बरेच महाग पडत होते. रोस्सी आणि आयमोनिनो यांच्या इमारती उभ्या राहिल्या. रोस्सी १९९७ मध्ये वारला. सिझाच्या वाट्याचे काम अर्धवट असतानाच २०१० मध्ये कंत्राटदार कंपनीचे दिवाळे निघाले आणि कुंपणाच्या आत काँक्रीटचे सांगाडे तसेच राहिले. याच काळात, २००३ च्या आगीत होरपळलेल्या स्तुकी गिरणीचे रूपांतर मोठ्या हॉटेलात पूर्ण होऊन २००७ मध्ये ते सुरूही झाले. एकाच बेटावर पाहुण्यांच्या खोल्या वेळेत तयार होतात आणि रहिवाशांच्या घरांना पाव शतकही पुरत नाही, यासाठी व्हेनिसच्या अर्थव्यवस्थेला दोष द्यायला हरकत नाही. परंतु स्पर्धेच्या अटीपत्रकात पैशाचे वेळापत्रक आणि देखरेखीची जबाबदारी नोंदवलेली नसणे, हा दोष तिच्या आयोजकांचा आहे. परीक्षकांनी आराखड्याबरोबर आयोजक संस्थेच्या चिकाटीचेही मूल्यमापन करायला हवे, अशी सूचना भाबडी वाटेल, पण तिची गरज येथे उघड दिसते.

२०१६ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात पोर्तुगालने आपले दालन थेट या अर्धवट बांधकामातच मांडले, आणि सिझाच्या चार सार्वजनिक वस्त्या, म्हणजे व्हेनिसमधील ही, पोर्तोमधील बोसा, द हेगमधील स्किल्डर्सवाइक आणि बर्लिनमधील श्लेझिशेस टोर, एकत्र दाखवल्या. सिझा वृद्धापकाळी त्या-त्या वस्तीत जाऊन रहिवाशांच्या घरी बसला, आणि त्या भेटींचे चित्रण प्रदर्शनाचा गाभा ठरले. बोसाचा आराखडा सत्तरीच्या दशकातला असून ती वस्ती २००६ मध्ये पूर्ण झाली, ही बाब या संदर्भात पुरेशी बोलकी आहे. प्रदर्शनामुळे जुदेक्कावरील रखडलेल्या कामाकडे लक्ष वळले. स्पर्धेचे निकालपत्र जे घडवू शकले नव्हते ते एका प्रदर्शनाने घडवावे, यात समाधान आहे आणि थोडी चीडही.

जुदेक्कावरच पुढे, १९९५ मध्ये, युंगहान्स कारखान्याच्या जागेसाठी दुसरी स्पर्धा झाली आणि ती मिलानच्या चिनो झुक्कीने जिंकली. त्याच्या एका निवासी इमारतीत कमी-अधिक मापाच्या खिडक्या जाणूनबुजून विस्कळीत बसवल्या असून, प्रत्येकीभोवती पांढऱ्या इस्त्रियन दगडाची चौकट आहे. जुन्या कारागिरीचा हा उपयोग कोणतीही नक्कल न करता केलेला आहे. झुक्कीची इमारत छायाचित्रांत देखणी दिसते आणि सिझाच्या ओळी त्यापुढे जवळजवळ अनाकर्षक. पण चार वास्तुविशारदांची चौकट पोकळ नव्हती, याचा पुरावा कांपो दि मार्तेमध्ये आहे. मोनेओच्या वाट्याची इमारत कधी बांधलीच गेली नाही, आणि तरीही उरलेल्या ओळी, गल्ल्या आणि अंगणे ठरल्या जागी उभी राहिली, त्यांत लोक राहायलाही आले.