शेजाऱ्यावरील आरोप आणि आपली वृत्तपत्रे

(भंडारा जिल्ह्यातील दिघोरी येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



लंडन किंवा न्यूयॉर्कच्या वृत्तपत्राने भारतावर आरोप केला, की त्यामागचा हेतू कोणता, हा प्रश्न येथे लगेच विचारला जातो. तो विचारलाच पाहिजे. परंतु तेच वृत्तपत्र शेजारच्या सरकारवर आरोप करते, तेव्हा आपली राष्ट्रीय वृत्तपत्रे तो जसाच्या तसा मथळ्यात उचलतात. तेव्हा हा प्रश्न कुठे जातो? १९७१ साल या बाबतीत पुष्कळ शिकवून जाते.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल आरंभली. परदेशी पत्रकारांना हॉटेलात अडकवून देशाबाहेर काढण्यात आले. सायमन ड्रिंग हा तरुण इंग्रज वार्ताहर मात्र लपून राहिला आणि ३० मार्चच्या ‘डेली टेलिग्राफ’मध्ये त्याने डोळ्यांनी पाहिलेले छापले. त्याच दिवसांत भारतीय वृत्तपत्रे काय छापत होती? गुप्त रेडिओच्या हवाल्याने जनरल टिक्का खान मारला गेल्याची बातमी! तो जिवंत होता. पुढे पाकिस्तानचा लष्करप्रमुखही झाला. अशा प्रत्येक खोट्या बातमीने इस्लामाबादला एक साधन मिळाले. सगळाच भारतीय अपप्रचार, असे जगाला सांगणे त्याला सोपे गेले.

हा बुरखा फाडणारा माणूस आपल्या सीमाभागात जन्मला होता. अँथनी मस्कारेन्हस यांचा जन्म बेळगावचा, कुटुंब गोव्याचे ख्रिस्ती, नोकरी कराचीच्या ‘मॉर्निंग न्यूज’मध्ये. सर्व काही सुरळीत असल्याचे लिहून आणावे, म्हणून लष्कराने एप्रिलमध्ये आठ पत्रकारांना पूर्व बंगालात नेले. सात जणांनी सांगितले तसे लिहिले. मस्कारेन्हस बहिणीच्या आजारपणाचे निमित्त करून लंडनला गेले, ‘संडे टाइम्स’चे संपादक हॅरॉल्ड इव्हान्स यांना भेटले, परत आले, आधी पत्नी-मुलांना देशाबाहेर काढले आणि मग स्वतः अफगाणिस्तानची सीमा ओलांडली. १३ जून १९७१ रोजी त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. गावे, अधिकारी, प्रसंग, सारे त्यात नावानिशी होते. त्याने आपण हादरून गेलो, असे इंदिरा गांधींनी पुढे इव्हान्स यांना सांगितले.

हिंदूंना वेचून मारले जात आहे, हेही मस्कारेन्हस यांनी स्पष्ट लिहिले. भारतात सुमारे एक कोटी निर्वासित आले. त्यांत बहुसंख्य हिंदू होते. देशात जातीय तणाव भडकेल या भीतीने दिल्लीच्या सरकारने ही बाब जाहीरपणे पुढे आणली नाही. वृत्तपत्रांनीही बव्हंशी तोच सूर धरला. म्हणजे अफवा मोठ्या टायपात आणि सत्य दबक्या आवाजात! स्वतःला राष्ट्रीय म्हणवणाऱ्या वृत्तपत्रांकडून झालेली ही दुहेरी चूक होय.

परदेशी आरोप प्रत्येक वेळी खराच असतो असेही नाही. इराकजवळ महासंहारक शस्त्रे असल्याचा गवगवा होऊन २००३ मध्ये युद्ध झाले. शस्त्रांचे साठे सापडले नाहीत. आपले वार्तांकन पुरेसे काटेकोर नव्हते, अशी कबुली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला मे २००४ मध्ये द्यावी लागली.

आता अलीकडचे पाहा. ५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना ढाका सोडून गेल्या आणि हिंदूंची घरे व मंदिरे यांवर हल्ले झाले. हे हल्ले खरे होते. परंतु त्याच दिवसांत क्रिकेटपटू लिटन दास यांचे घर जाळल्याचे म्हणून जे चित्र फिरले, ते घर अवामी लीगचे खासदार मशरफी मुर्तझा यांचे होते. पुढे मुहम्मद युनूस यांनी हिंदूंवरील हल्ल्यांचा विषय अतिरंजित असल्याचे म्हटले, तेव्हा अशी चित्रे त्यांच्या पथ्यावरच पडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने अहवाल दिला. त्यात हिंदूंवरील हल्ल्यांची नोंद आहे. शिवाय हसीना सरकारच्या दडपशाहीवर ठपका आहे आणि आंदोलनकाळात १,४०० पर्यंत माणसे मारली गेली असावीत, असा अंदाजही आहे. अर्धा अहवाल आपला आणि अर्धा परकीयांचा कट, असे म्हणता येणार नाही. अहवाल पटो वा न पटो, तो पूर्ण वाचावा लागेल.

भाताच्या या जिल्ह्यात सूप कशासाठी असते, हे माता-भगिनींना सांगायला नको. दाणा शेजारच्या शेतातला म्हणून कोणी न पाखडता शिजवत नाही. बातमीलाही तोच न्याय हवा. प्रत्यक्ष पाहिले कोणी? गाव, तारीख, नाव आहे का? आरोप झालेल्याचे म्हणणे छापले आहे का? आरोप करणाऱ्याला त्यातून काय मिळणार आहे? कार्यकर्त्याने एखादी बातमी पुढे पाठवण्याआधी एवढे चार प्रश्न विचारले, तरी पुरे.

कारण एका खोट्या बातमीची किंमत ती छापणारा मोजत नाही. ज्याचे घर खरोखर जळाले, तो सीमेपलीकडचा हिंदू ती मोजतो. त्याच्या साक्षीवर जगाचा विश्वास बसायचा असेल, तर त्याच्या नावाने एकही असत्य येथून निघता कामा नये.