गवताखालची जमीन आणि सेंद्रिय शेती
(इंदूर येथील गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे गेलात आणि आयोवा, कॅन्सससारख्या राज्यांत फिरलात, तर पिकांच्या मधेच गवताने भरलेली शेते दिसतील. ती पडीक जमीन नव्हे. १९८५ च्या शेती कायद्याने तिथे एक योजना सुरू झाली. ज्या जमिनीची धूप होते ती शेतकऱ्याने १० ते १५ वर्षे पेरायची नाही, तिच्यावर गवत किंवा झाडे राखायची आणि सरकारने त्याबद्दल दरवर्षी भाडे द्यायचे. २००७ मध्ये अशी जमीन सुमारे ३ कोटी ६८ लाख एकर होती. पुढे धान्याचे भाव चढले, २०१४ च्या कायद्याने योजनेची मर्यादा २ कोटी ४० लाख एकरांवर आणली आणि करार संपलेली बरीच जमीन पुन्हा नांगराखाली गेली.

मृदसंधारणाच्या कामात माझी सारी नोकरी गेली. त्यामुळे या जमिनीचे पुढे काय होते, याकडे माझे लक्ष असते.

तिथे सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी कापणीपूर्वीची ३ वर्षे शेतात निषिद्ध खत वा औषध पडलेले चालत नाही. एरवी शेतकऱ्याला ही ३ वर्षे फार जड जातात. उत्पन्न घटते आणि भाव मात्र साधाच मिळतो. गवताखालच्या जमिनीवर काही फवारलेले नसेल आणि तशा नोंदी चोख असतील, तर पहिलेच पीक सेंद्रिय म्हणून विकता येते.

खरी गोम पुढेच आहे. जुने गवत मोडायचे कसे? इतर शेतकरी तणनाशक मारून न नांगरता पेरू शकतो. सेंद्रिय शेतकऱ्याला ते वर्ज्य, म्हणून तो नांगर धरतो. मग इतक्या वर्षांत साठलेला सेंद्रिय कर्ब झपाट्याने घटतो आणि मुळांनी धरून ठेवलेली माती पावसाबरोबर वाहू लागते. विष टाळले पण माती गेली, तर कमावले काय?

म्हणून आधी उतार पाहावा, प्रमाणपत्राचे नंतर. तीव्र उतारावरचे गवत मोडूच नये. तिथे गुरे चारावीत, वैरण कापावी. तीही सेंद्रियच. मध्यम उतारावर समपातळीत पट्टे पाडावेत, ओहळीच्या कडेचे गवत राखावे आणि ओट, लसूणघास यांची फेरपालट करावी. कुजणारे गवत नत्र अडकवून ठेवते, म्हणून पहिले पीक सोयाबीनसारखे द्विदल बरे.

तिथल्या कायद्यानेही हे ओळखले आहे. धूप होणारी जमीन संधारणाच्या आराखड्याशिवाय पेरली, तर सरकारी मदत बंद होऊ शकते. निवृत्त होणाऱ्या मालकाने अशी जमीन नवख्या शेतकऱ्याच्या हाती दिली, तर २००८ च्या कायद्याने त्याला आणखी दोन वर्षांचे भाडे मिळू लागले. अट एवढीच की शेती जमीन राखून करायची.

मित्रहो, इंदूरला हा विषय परका नाही. १९२४ नंतर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथेच कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली. १९३१ मध्ये तिच्यावर निघालेल्या पुस्तकाचे सहलेखक होते यशवंत वाड. हॉवर्ड यांच्याच विचारांवरून जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये अमेरिकेत सेंद्रिय शेतीचे मासिक काढले.

आज आपल्यातले काहीजण निवृत्तीनंतर शहराबाहेर जमीन घेतात आणि म्हणतात, "पडीकच होती, म्हणजे शुद्ध सेंद्रिय!" त्यांना माझी एकच विनंती आहे. ट्रॅक्टर बोलावण्याआधी एक पावसाळा बांधावर उभे राहून पाणी कुठून येते, कुठे जाते ते पाहा. जिथून ते गढूळ होऊन निघते, तिथले गवत तसेच राहू द्या.

गणपती बाप्पा मोरया!