मामेभाऊ आणि 'कझिन'



"हा माझ्या आईच्या भावाचा मुलगा, तर तो माझा कोण?" निपाणीतल्या कुठल्याही मुलीला विचारा, ती क्षणात सांगेल, मामेभाऊ. नोकरीच्या परीक्षेत हाच प्रश्न इंग्रजीत येतो, तेव्हा मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ सगळे एका 'कझिन'मध्ये बसतात. 'ब्रदर-इन-लॉ' आला की तो मेहुणा, दीर की साडू, हे आधी ताडायचं. कन्नडची तऱ्हा आणखी निराळी. 'अत्ते' म्हणजे आत्याही आणि सासूही, 'माव' म्हणजे मामाही आणि सासराही. आपल्या जुन्या घरांत सुना सासऱ्यांना मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणायच्या, म्हणून महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या पोरांना ते लवकर उमगतं. पण लवकर म्हटलं तरी थोडा वेळ जातोच, आणि बँकेच्या लिपिक पदाच्या पूर्वपरीक्षेत तर्कक्षमतेचे 35 प्रश्न 20 मिनिटांत सोडवायचे असतात. चुकलं की पाव गुण जातो.

मुलं मला सांगतात, "सर, रीझनिंग जमत नाही." त्यांना मी तोच प्रश्न मराठीतून घालतो. बहुतेकांना जमतो. अडलेली असते ती भाषा, आणि कमीपणा मात्र बुद्धीला येतो. याचं मला फार वाईट वाटतं.

ही गोष्ट आपल्याच मुलखात फार पूर्वी ओळखली गेली होती. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी 1905 साली बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. 1930 च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मुंबई-कर्नाटकातल्या मुलांसाठी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत बसवली, इथल्या मुलांवर पारखून. ती चाचणी नोकरीसाठी नव्हती, मुलांसाठी होती. पण मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत त्याला विचारावं, हे त्या कामात होतं. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे.

आता परिस्थिती काय? रेल्वे भरतीच्या संगणकीय परीक्षेत मराठी निवडता येते, कन्नडही. बँकांच्या लिपिक भरतीची परीक्षा प्रादेशिक भाषांतून घेण्याचा निर्णय 2021 साली झाला, पण तिथं भाषा ठरते ती ज्या राज्यातल्या जागेसाठी अर्ज केला त्यावर. कर्नाटकासाठी कन्नड आणि कोकणी, मराठी नाही. काउंटरवर येणारा शेतकरी कन्नड बोलत असेल तर कारकुनाला कन्नड आलीच पाहिजे. तिची वेगळी परीक्षा जरूर घ्यावी. तर्काचा प्रश्न मात्र उमेदवाराला त्याच्या भाषेत मिळावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मराठीतून परीक्षा देण्याची आणखी एक वाट आहे: महाराष्ट्राच्या पोलीस भरतीत बुद्धिमत्ता चाचणी मराठीत असते. सीमाभागातल्या, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या, 15 वर्षं वास्तव्य असलेल्या मराठी भाषिकांना महाराष्ट्र शासनाच्या नोकरीसाठी अर्ज करता येतो. 10 जुलै 2008 चा तसा शासन निर्णय आहे. रहिवासाचे दाखले जाहिरात येण्याआधीच काढून ठेवा.

आणि अर्जात भाषेचा रकाना भरताना घाई करू नका. शाळा मराठी, कॉलेज इंग्रजी, शेजार कन्नड, अशी आपली गत. एकच सराव प्रश्नपत्रिका दोन भाषांत, घड्याळ लावून सोडवून पाहा. जिथं गुण जास्त पडतील, ती भाषा निवडा.